तिन्हीसांजेचे दिवे

“शहराच्या उजेडात ध्रुवप्रकाश दिसत नाही, आई. मिट्ट काळोखाची जागा शोधावी लागते,” बूट चढवत मुलगा म्हणाला. सून गाडीत बसलीसुद्धा होती. शालनताईंनी मात्र घरातच थांबायचं. बर्फावर पाय घसरला तर? आणि बाळाला कोण बघणार?

नॉर्वेत आल्यापासून हेच चाललं होतं. दुपारी तीनलाच तिन्हीसांज व्हायची आणि त्या घरभर दिवे लावायच्या. दिवेलागणीला घर अंधारात ठेवायचं नाही, ही सासूबाईंची शिस्त. मग खिडकीशी जावं, तर काचेत स्वतःचंच कंटाळलेलं तोंड.

आज त्या चिडल्या. जन्मात पहिल्यांदा त्यांनी तिन्हीसांजेला घरातलं एकेक बटण बंद केलं. काचेतलं तोंड नाहीसं झालं. समोरच्या छपरांवरच्या आभाळात हिरवा उजेड हलत होता, कुणी ओलं लुगडं झटकावं तसा.

त्यांनी बाळाला कडेवर घेतलं, तेवढ्यात फोन वाजला.

“तासभर गाडी हाणली, इथं नुसते ढग! आई, दिवे लावलेस ना?”

“लागलेत रे,” काचेला नाक लावून त्या म्हणाल्या, “सगळे लागलेत.”