उलटे दिवे

मुलीने चिपमधला दाजींचा प्रोग्राम पुसला, तेव्हा यंत्राचा पंखा क्षणभर थांबला आणि मिस्त्री पुढे वाकला.

टेबलावर त्यांचा राउटर झाकण काढून ठेवला होता. इंटरनेटवरून येणाऱ्या माहितीच्या प्रत्येक पाकिटावरचा पत्ता वाचून ते पुढे ढकलायचं, एवढंच त्याचं काम. पण ते बाजारातल्या कुठल्याही डब्यापेक्षा झपाट्याने व्हायला हवं होतं. त्यातला बोर्ड मिस्त्रीने बनवला होता. बोर्डावरच्या चिपचा प्रोग्राम लिहिला होता दाजींनी, म्हणजे त्याच्या थोरल्या बहिणीच्या नवऱ्याने. मिस्त्री हे नावही त्यांनीच पाडलेलं. भागीदारी या दोघांची आणि चिप देणाऱ्या कंपनीची. वेग काही गाठला जात नव्हता, आणि त्यातच दाजी गेले. मग कंपनीने आपली प्रोग्रामर पाठवली, ती ही मुलगी. आज तिच्या प्रोग्रामलाही जमलं नाही तर कंपनी हात झटकून मोकळी होणार होती.

सुरुवातीला मिस्त्रीचं म्हणणं होतं, की काम कायमचं कोरलेली चिप घेऊ. दाजी हटून बसले. पुसून पुन्हा लिहिता येईल अशीच घ्यायची. "चुकायला जागा ठेव रे," म्हणाले. मिस्त्री हसला होता. माझ्या बोर्डात चूक निघाली तर मिशी उतरवीन, असं तो चारचौघांत सांगायचा, आणि रोज सकाळी आल्या आल्या विचारायचा, आज काय दिवे लावलेत, दाजी? दाजी चष्मा पुसत बसायचे.

त्यांच्या खुर्चीत आज ताई बसली होती. भावाचा डबा द्यायचं निमित्त करून आली होती, पण ती कशाला आली ते मिस्त्रीला कळत होतं. ज्या यंत्रापायी नवरा कधी वेळेवर घरी आला नाही, ते तिला एकदा डोळे भरून पाहायचं होतं.

नवा प्रोग्राम चढला. पंखा पुन्हा घुरघुरू लागला. पडद्यावरचा आकडा चढत गेला आणि हवा होता त्याच्याही वर जाऊन थांबला. कंपनीच्या साहेबांनी फोनवरून अभिनंदन केलं. मिस्त्री नुसतं हो हो म्हणाला. त्याला आनंद झाला नाही. माणूस दुसऱ्यांदा गेल्यासारखं वाटलं.

मुलगी मात्र राउटरच्या तोंडाकडे टक लावून बघत होती. तिथे प्रत्येक पोर्टला, म्हणजे केबल खोचायच्या खाचेला, आपापला एक दिवा होता. केबल होती पहिल्या पोर्टमध्ये आणि दिवा लागला होता शेवटचा. तिने केबल दुसऱ्यात घातली, तर शेवटून दुसरा लागला. मिस्त्रीने ठासून सांगितलं, की घोळ तिच्या प्रोग्राममध्येच असणार. सकाळपर्यंत सगळे दिवे जागच्या जागी लागत होते.

ती वादात पडली नाही. तिने बोर्डाचा नकाशा उघडला. दिव्यांच्या तारा बोर्डातच उलट्या क्रमाने गेल्या होत्या. नकाशा मिस्त्रीचा, खाली सहीसुद्धा त्याचीच. मग तिने दाजींच्या प्रोग्रामची ठेवलेली प्रत काढली आणि तळाच्या चार-दोन ओळींवर बोट ठेवलं.

"सर, त्यांनी हे इथे सरळ करून घेतलं होतं. अगदी सुरुवातीपासून. तुम्हाला बोलले नाहीत?"

मिस्त्रीचा हात मिशीकडे गेला आणि तिथेच राहिला.

"मला बोलले होते," ताई म्हणाली. "म्हणाले, त्याला सांगू नकोस. बोर्ड पुन्हा करायला बसेल आणि जेवायचा नाही."

मिस्त्रीला वर बघवेना. त्या सगळ्या सकाळी आठवल्या, आपला तो प्रश्न आठवला, आणि चष्मा पुसणारी ती बोटं.

मुलगी समजूतदार होती. तिने मुकाट्याने दाजींच्या त्या ओळी आपल्या प्रोग्रामला जोडल्या आणि तो पुन्हा चढवला. आकडा हलला नाही. तिने पहिल्या पोर्टमध्ये केबल घातली. पहिला दिवा लागला.

ताई उठून जवळ आली. त्या हिरव्या ठिपक्याकडे बराच वेळ बघत राहिली.

"यात ह्यांचं आता एवढंच का?"

"एवढंच," मिस्त्री म्हणाला.

पुढच्या खेपेला तारा सरळ केल्या की या ओळींची गरज उरणार नाही, काढून टाकता येतील, असं मुलीने सांगितलं. मग वही पुढे ओढून तिने विचारलं, की बोर्डाचा सुधारलेला नकाशा कधी मिळेल.

"मिळणार नाही. बोर्ड असाच जाईल. प्रत्येक डब्यात."

"पण सर, ती चूक आहे."

"माझी आहे," मिस्त्री म्हणाला. "राहू द्या."