पाऊण तासाचं अंतर

दोन आडबाजूच्या विमानतळांमधलं अंतर छोट्या विमानाला जेमतेम पाऊण तासाचं. नवा सहवैमानिक सोबत असला की वैमानिक बायकोला दीड तास लागायचा. “समोरून वारा होता,” ती म्हणायची. नवरा विमानतळावरचाच हवामान-निरीक्षक. वारा पाठीमागून होता हे त्याला ठाऊक असायचं. तो आतल्या आत जळायचा. एकदा तिच्या नकळत मागच्या सीटवर बसला. वाटेत विमान वळून नदीच्या कडेकडेनं जाऊ लागलं. सहवैमानिक विचारत होता, “मॅडम, नदी दिसतेय ना?” “नुसती चमक दिसते, तिच्यावरूनच वाट कळते; बाकी सगळं धुरकट. विमान तूच उतरव.” “घरी सांगितलंत?” “नाही. फक्त तुला.” काळजीआधी नवऱ्याला वाटला तो मत्सरच. विमान उतरलं. पायरी चाचपडत तिनं हात पुढे केला, तेव्हा सहवैमानिकाला बाजूला सारून नवऱ्यानं तो धरला. हात ओळखून ती थबकली. “आधी मला सांगायचं होतंस,” तो म्हणाला.