बाचं चाक

दुकानात टायर निवडताना म्हाळू घुटमळला. त्याची पिकअप अडली की धनगरवाड्यावरचा आजारी माणूस झोळीतून उतरवावा लागे, आणि मागचे टायर तिथल्या खडकानं वर्षातच सोलले होते.

"कुठला टिकंल, ठकूआजी?" सोबत आलेल्या म्हातारीला त्यानं गमतीनं विचारलं.

तिनं पायातली चप्पल काढून उलटी धरली. "ही बघ. तुझ्या बानं जीपचा टायर टाकला, त्याची केली. पुन्यांदा दुसरी घेतलीच न्हाई."

म्हाळूनं तळावरून अंगठा फिरवला. नक्षी अजून बोटाला लागत होती. जीप भंगारात गेली, बा मातीत गेला. पण बाचं चाक रोज डोंगर चढत होतं.

त्यानं चप्पल दोन्ही हातांनी दुकानदारापुढं धरली. "असाच द्या."

"झिजला तरी टाकू नगंस," आजी म्हणाली. "तवर नातीचा पाय मोठा हुईल."