न निघणारं झाकण

"हे झाकण पाना लावून काढता येत नाही," भाजी चिरायच्या आपल्या नव्या यंत्रावर हात ठेवून ती हॉटेलमालकाच्या डोळ्यांत बघत म्हणाली. "कायमचं जोडलंय. कुणा मालकाला कितीही घाई झाली तरी निघणार नाही."

मालकाने नुसती मान हलवली. शेजारी उभ्या असलेल्या तिच्या भावाने घसा खाकरला. यंत्र विकायची बाजू त्याच्याकडे होती. येताना गाडीत त्याने तिला बजावलं होतं की या माणसाची गावभर हॉटेलं आहेत, त्याने घेतलं तर बाकीचे डोळे झाकून घेतील, तेव्हा आजच्या दिवस तोंड सांभाळ. ती हो म्हणाली होती. पण कारखान्यात तिला सगळे ठिणगी म्हणत ते काही उगाच नाही. भटारखान्यात पाऊल टाकल्यापासून तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती.

इथेच, खिडकीखालच्या याच ओट्यावर, तेव्हा इथे स्वयंपाकी असलेल्या तिच्या नवऱ्याच्या उजव्या हाताची तीन बोटं गेली होती. भाजी चिरायच्या जुन्या यंत्राचं झाकण त्या दिवशी काढून ठेवलेलं होतं. झाकण असलं की काम हळू होतं. आणि काम हळू झालं की पोटात कुणाच्या दुखतं? मालकाच्या. तिला कुणी वेगळं सांगायची गरजच नव्हती. तेव्हापासून तिने या माणसाला उठता-बसता शिव्या घातल्या, आणि शिव्यांनी भागेना तेव्हा हे यंत्र बनवलं. दिवसा कारखान्यात दुसऱ्यांचे साचे करायचे आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःचं पातं, स्वतःचं झाकण. धुण्यापुरतं एक छोटं दार ठेवलं होतं, तेही असं की उघडताच दाराच्या स्विचने यंत्र आपोआप बंद. पाती कशी लावावी हे तिला चारचौघांनी शिकवलं. झाकण तिने रागाने बनवलं.

नवऱ्याला आज यायचंच नव्हतं. आधी डोकं दुखत होतं, मग पोट. तिने ऐकलं नाही. मालकाला तो हात दिसायला हवा होता. भावालाही तो हात हवा होता, माहितीपत्रकावर छापायला, पण नवऱ्याने "हात दाखवून अवलक्षण कशाला" म्हणून हसण्यावारी नेलं होतं. आत्ताही त्याचा उजवा हात खिशात होता. डाव्या हाताने तो यंत्रात भाजी टाकत होता.

कांदे छान निघाले. गाजरांच्या चकत्या तर मापून कापल्यासारख्या पडल्या. मग कोबीचा गड्डा आत अडकला. तिने मोकळा करायला दार उघडलं. यंत्र थांबलं. दार लावलं, यंत्र सुरू झालं आणि गड्डा पुन्हा अडकला. पुन्हा दार, पुन्हा तेच.

मालक शांतपणे म्हणाला की यंत्र चांगलं आहे, पण गर्दीच्या वेळी स्वयंपाकी एवढा धीर धरत नाहीत, ते काहीतरी पळवाट काढतातच.

ती याचीच वाट बघत होती.

"स्वयंपाक्यांवर ढकलू नका. ते स्वतःच्या जिवावर उठत नाहीत. मालक उठवतात. तुम्ही उठवलंत."

भावाने डोळे मिटून घेतले. मालकाने काही बोलायला तोंड उघडलं, एकदा नवऱ्याकडे बघितलं आणि पुन्हा मिटलं. त्याला असं गप्प झालेलं बघून तिला बरं वाटलं. किती वर्षं तिला हेच हवं होतं. आता ती थांबणार नव्हती. हात बघा म्हणाली, याला साधी शर्टाची गुंडी लावता येत नाही म्हणाली, आणि तुम्हाला मात्र झोप लागते म्हणाली. विक्री गेली खड्ड्यात.

नवऱ्याला मात्र विक्री बुडताना दिसत होती. बायकोचं इतक्या दिवसांचं काम एका कोबीपायी फुकट चाललं होतं. तो पुढे झाला. या ओट्यापाशी त्याची उमेदीची वर्षं गेली होती, इथे त्याला विचार करावा लागत नव्हता. त्याने दार उघडलं. न बघताच मागच्या फळीवरून एक चमचा ओढला. उजव्या हाताच्या अंगठ्यात आणि उरलेल्या एका बोटात धरून त्याचा दांडा दाराच्या स्विचमध्ये खोचला. दार सताड उघडं, आणि यंत्र घुंघुं करत सुरू झालं. उघड्या पात्यातून कोबी भराभर कातरून पडू लागला. डाव्या हाताने अडकलेला तुकडा लोटायला तो वाकला.

ती किंचाळली. मालकाने धावत जाऊन बटण बंद केलं.

नवऱ्याने आधी आपल्या हाताकडे पाहिलं, मग चमच्याकडे, आणि मग तिच्याकडे. त्याचं तोंड पांढरंफटक पडलं होतं.

"तेव्हाही हा स्वतःच झाकण काढून स्विचमध्ये असाच चमचा खोचायचा," मालक म्हणाला. त्याच्या आवाजात जिंकल्याचं काही नव्हतं. "मी ओरडायचो. आणि काम लवकर उरकलं की गप्प बसायचो."

तिला नवऱ्याला गदागदा हलवावंसं वाटलं. एवढी वर्षं तिने नातेवाइकांत, शेजाऱ्यांत, कारखान्यात या माणसाचं नाव घेऊन बोटं मोडली होती, आणि हा शेजारी बसून ऐकत होता.

"बोलला का नाहीत?"

"शुद्धीवर आलो तेव्हा तू दवाखान्याच्या दारात यांच्यावर ओरडत होतीस," तो खाली बघत म्हणाला. "माझी बाजू घेऊन. मग कसं बोलणार?"

भाऊ हळूच माहितीपत्रकं गोळा करू लागला. तिने स्विचमधला चमचा हिसका देऊन ओढून काढला, दांडा जिथून आत गेला होता ती फट बोटाने चाचपून पाहिली, आणि चमचा ओट्यावर आपटला.

"यंत्र गाडीत घाल, दादा. मी हे चुकीच्या माणसाला अडवायला बनवलं."