अडखळलेला श्वास

अमेरिकेतल्या ॲन आर्बर शहरातल्या एका लॅबमध्ये एक रबरी छाती श्वास घ्यायची, आणि सर्जरीचा रोबो स्कॅनकडे बघत तिच्यात नेमकी सुई टोचायला शिकायचा. तो श्वास तिथली इंजिनिअर आसावरी हिच्या नवऱ्याचा, अनीशचा होता. टेस्टिंगसाठी त्याने हौसेने रेकॉर्ड करून दिलेला. गेल्या हिवाळ्यात अनीश वारला. छाती मात्र रोज त्याच्याच श्वासाने हलत राहिली.

"इथे श्वास अडखळतो यार, आणि सुई चुकते," तिचा सहकारी राकेश म्हणाला. "एवढं स्मूद करून टाकू. रोबो फास्ट होईल."

"नको. खऱ्या पेशंटचाही श्वास अडखळतो. रोबो स्लो झाला तरी चालेल, पण त्याला शिकू दे."

राकेशला पटलं.

रेकॉर्डिंग करताना नेमकं त्या जागी अनीशने तिच्याकडे बघून हसू दाबलं होतं, हे आसावरीने कुणालाच सांगितलं नाही.