न्हाणीत कोण?

अनसिंग गावातल्या त्या घरात शॉवरला धारच नव्हती. टाकी न्हाणीच्या अगदी डोक्यावर, उंची कमी, म्हणून पाणी थेंब थेंब यायचं. शेवटी गोपालनं गच्चीवर प्रेशर पंप बसवून घेतला. नळ उघडला की पंप आपोआप घुमायचा, बंद केला की थांबायचा.

आठवड्याभरात त्याची बायको शुभांगी आवाजावरून माणूस ओळखू लागली. गोपालच्या आंघोळीला पंप सलग चाले. सासरे गुलाबराव झटक्यात आटपत. तिच्या वेळी मात्र तो थांबत थांबत चाले, कारण साबण लावताना ती शॉवर बंद करायची.

रविवारी सकाळी ती पारोशीच चहा घेऊन ओसरीवर आली. बापलेक खुर्च्यांवर बसले होते. तेवढ्यात पंप सुरू झाला. थांबला. पुन्हा सुरू झाला.

"घरात आपण तिघंच न? मंग पानी कोन वापरून राह्यलं?" तिनं विचारलं.

कोणी वर पाहिलं नाही.

"शुभांगी न्हाऊन राह्यली वाट्टे," गुलाबराव गोपालला म्हणाले. "तिचं झालं का चहा भेटंन."

"मामाजी, मी अठीच उभी आहो! हा घ्या न चहा."

त्यांचा हात पुढे आला नाही. तिनं घाबरून गोपालच्या खांद्याला हात लावला. माशी बसल्यासारखा त्यानं खांदा झटकला.

पंप थांबला. आत न्हाणीची कडी वाजली आणि ओली पावलं ओसरीकडे येऊ लागली.

गुलाबरावांनी तिच्या पलीकडे पाहिलं. हसले.

"ये बेटा," ते म्हणाले, "आज लय वेळ लागला तुले."