सलाम कोणाला

मुकुल टेबलाशी येऊन बसला, तसा त्याचा थोरला भाऊ विश्वास उठला. कप घेऊन तो स्वयंपाकघराच्या दारात गेला आणि वॉशिंग मशीनला टेकून उभ्यानेच चहा पिऊ लागला.

"एका टेबलावर बसायचंही नाही?" मुकुलने विचारलं.

"ठरलंय तसं."

"बरं." मुकुलने बिस्किट चहात बुडवलं.

त्याची बॅग दाराशी होती. दार उघडंच होतं. बाहेर कॉरिडॉरमध्ये शेजारचे हमीद कुंड्यांना पाणी घालत होते. मुकुल आला तेव्हा त्यांनीच हाक मारली होती, "सलाम, चीफ!" ही ख्रिस्ती माणसं भेटताना आणि निघताना एकमेकांना सलाम म्हणतात हे कळल्यापासून हमीदही त्यांना सलामच म्हणत. शब्द आमचा आहे, तुम्ही उसना घेतलाय, अशी वर चेष्टा.

मुकुल जहाजावर चीफ इंजिनिअर होता. जहाजावर जाण्याआधी तो दर खेपेला सेरंगूनच्या या फ्लॅटवर यायचा. चहा व्हायचा. मग दारात विश्वास त्याच्या डोक्यावर हात ठेवून प्रार्थना करायचा आणि सलाम म्हणायचा. तो घेतल्याशिवाय मुकुल आजवर बोटीवर चढला नव्हता.

"त्या रविवारी मी चर्चमध्ये होतो तरी का, दादा? मी बंगालच्या उपसागरात होतो. इंजिनरूममध्ये."

"तुझं नाव अजून त्याच मंडळीत आहे."

"वहिनी, तूच बघ." मुकुल मेधाकडे वळला. "एक प्रचारक कुठेतरी कॅथलिक फादरच्या शेजारी स्टेजवर बसला. आमच्या पाळकांनी त्या प्रचारकाला उपदेशाला बोलावलं. मी आमच्या पाळकांना सोडलं नाही, म्हणून दादाने मला सोडलं. आता तू माझ्यासमोर बसलीयस. तुझं काय होणार?"

"माझं काय व्हायचं ते लग्नातच झालं," मेधा म्हणाली.

विश्वास हसला नाही. "तडजोड अशीच आत शिरते. आधी शेजारी बसायचं. मग एकत्र प्रार्थना. मग विचारायचं, आपल्यात फरक तो काय? याच गोष्टीसाठी आपल्या अप्पांनी मिशनची नोकरी सोडली होती. तू लहान होतास."

"अप्पांनी नोकरी सोडली. भाऊ नाही सोडला."

मेधाने बशी पुढे सरकवली. "या वेळी कुठून जाणार?"

"सुएझ. तांबड्या समुद्रातून. आता तिथं शांत आहे, असं कंपनी म्हणते." मुकुलने बिस्किट उचललं. "मोशेला तिथं वाट मिळाली होती. आम्हाला ड्रोन मिळाले नाहीत म्हणजे झालं."

विश्वासने कप सिंकमध्ये ठेवला. अगदी आवाज न करता.

"प्रार्थना करणार ना?" मेधाने त्याला विचारलं.

"त्याच्यासाठी रोज करेन. त्याच्याबरोबर नाही करता येणार."

"आणि सलाम?"

त्याने नळ सोडून कप विसळायला घेतला.

"पास्टर कोह काय म्हणाले होते? नेमकं?"

विश्वासने मान वळवली. मंडळी फुटल्यापासून तो वेगळ्या झालेल्या गटाचा डीकन, म्हणजे पाळकाच्या हाताखालचा सेवक, होता. त्या गटाचे पाळक पास्टर कोह इंग्रजीत उपदेश करत. मुलांकडे राहायला आलेल्या मराठी आईवडिलांसाठी विश्वास तो उपदेश शेजारी उभं राहून वाक्यावाक्याने मराठीत सांगत असे.

"ते म्हणाले, अशांना वेलकम करू नका," मेधा म्हणाली. "'सलाम देऊ नका' हे तुम्ही म्हणालात. मी समोरच बसले होते."

"अर्थ तोच होतो."

"शब्द तुमचा आहे. तुम्ही मागे घ्या."

"सगळ्यांसमोर बोललेला शब्द घरी येऊन मागे घेऊ? माझा भाऊ आहे म्हणून?" त्याचा आवाज चढला. "आमच्या गटातल्या जयवंतीमावशींनी त्या दिवसापासून जुन्या मंडळीत राहिलेल्या सख्ख्या बहिणीला फोनवर सलाम म्हटलेला नाही. का? मी सांगितलं म्हणून. त्यांना काय तोंड दाखवू?"

मुकुलचा फोन वाजला. टॅक्सी खाली आली होती.

"राहू दे, वहिनी," तो म्हणाला आणि उठला.

दाराबाहेर तो बूट घालायला वाकला. नाड्या बांधून झाल्या तरी जरा वेळ तसाच वाकलेला राहिला. विश्वासचा हात दाराच्या लोखंडी जाळीवर होता. तो तिथंच राहिला.

मुकुलने बॅग उचलली आणि लिफ्टकडे चालू लागला. मेधा त्याच्यामागे गेली नाही. ती नवऱ्याकडे बघत होती.

लिफ्ट आली. दार सरकलं.

विश्वास अनवाणी बाहेर आला. लिफ्टकडे पाठ करून तो हमीदच्या समोर उभा राहिला, हातभर अंतरावर.

"सलाम, हमीद," तो म्हणाला. कॉरिडॉरच्या टोकापर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने.

त्यांचा सलाम सकाळीच झाला होता. तरी हमीदनी उत्तर द्यायला तोंड उघडलं, विश्वासचा चेहरा पाहिला आणि मिटून घेतलं. झारीतलं पाणी कुंडीतून ओसंडून फरशीवर पसरत गेलं. दोघंही हलले नाहीत.

"सलाम, दादा," लिफ्टमधून आवाज आला.